जुना कॅमेरा : दुरुस्त करावा कीं जपावा?



चंद्रपूर-गडचिरोलीकडे लाकूड ओळखणारीं माणसें पुष्कळ. त्यामुळें माळ्यावरून एखादा नांवनिशाणी नसलेला लाकडी कॅमेरा खालीं आला, कीं पहिला सल्ला सुताराचा मिळतो : पॉलिश-कागद मारा, रोगण द्या. असा एक कॅमेरा सध्यां माझ्या मेजावर आहे. नातवाच्या मुंजींत त्यानेंच एक फोटो काढावा, ही मालकांची हौस. निर्णय मात्र त्यांनीं मजवर सोंपविला आहे.

मागची कांच साडेसहा इंच लांब, पावणेपांच इंच रुंद. म्हणजे हा ‘हाफ प्लेट’. लाकूड सागाचें, कोपरे पितळी पट्ट्यांचे. विलायती कॅमेरे बहुधा महोगनीचे असत. उष्ण देशांसाठीं साग व पितळ वापरीत, कारण दमट हवेंत सरस सुटतो. साग म्हणून तो आलापल्लीचाच, असें मात्र आपल्या लोकांनीं लगेच समजूं नये. ब्रह्मदेशचा सागही दूरदूर जात असे.

खरी साक्ष कांच ठेवण्याच्या चौकटींत आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यांत काळे डाग आहेत. सुताराला ती घाण वाटली. परंतु १८५१ सालीं आर्चरनें प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत कांच ओली असतांनाच फोटो घ्यावा लागे, आणि तिच्यावरून गळणारें सिल्व्हर नायट्रेट लाकूड काळें करी. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या कांचा बाजारांत रुळल्या व हे डाग पडेनासे झाले. म्हणजे निर्मात्याचें नांव नसलें, तरी काळ सांगणारें अक्षर तेथें उमटलें आहे. पॉलिश-कागदाच्या चार हातांत तें पुसलें जाईल.

रोगणाचेंही तसेंच. जुनी चकाकी बहुधा लाखेची असते. तीच लाख, जी आपल्या रानांत पळसाकुसुमावर धरते. ती स्पिरिटांत विरघळते. सबब स्पिरिटचा बोळा वर्ज्य. मऊ कुंचला व कोरडें फडकें एवढेंच पुरे.

चामड्याचा भाता चिरला आहे, तो तसाच राहूं द्यावा. मुंजीसाठीं भिंगाची फळी तेवढी सरकवून काढावी व साध्या काळ्या खोक्यावर बसवावी. फोटो त्याच भिंगानें निघेल आणि कॅमेऱ्याला ओरखडाही येणार नाहीं.

राहिल्या भेगा. त्या मीं मे महिन्यांत पाहिल्या, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यांत घरचीं दारेंसुद्धां आकसतात. पाऊस लागून महिना लोटला, कीं त्या पुन्हां मोजूं. तोंवर सुतारास थांबावयास सांगितलें आहे.