गोधडी शिकविणारी पुस्तके

(शिवणवर्गाच्या समारोपप्रसंगी शिक्षिका व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



गोधडी शिकण्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे, असे वर्गातील मुली मला नेहमी विचारतात. आपल्याकडे ही विद्या आजीच्या शेजारी बसून घेतली जाते. परंतु ज्यांच्या घरी शिकविणारे कोणी उरले नाही, त्यांना पुस्तकाचाच आधार. मला उपयोगी पडलेली तीन पुस्तके सांगते. तिन्ही इंग्रजी आहेत. शिक्षिकेने ती वाचून मराठीत समजावून द्यावीत.

पहिले, अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या मेरी वेब्स्टर यांचे ‘क्विल्ट्स : देअर स्टोरी अँड हाऊ टु मेक देम’. ते १९१५ साली निघाले. त्यात इतिहास अधिक, कृती थोडी. पण घरातील स्त्रियांचे हे काम ग्रंथाचा विषय होऊ शकते, हे त्यातून पटते. दुसरे, मार्गरिट इकिस यांचे १९४९ चे ‘द स्टँडर्ड बुक ऑफ क्विल्ट मेकिंग अँड कलेक्टिंग’. नमुना आखण्यापासून टाके घालण्यापर्यंतची वाट नवशिक्या मुलीस ते दाखविते. तिसरे, इंग्लंडच्या ॲव्हरिल कोल्बी यांचे १९५८ चे ‘पॅचवर्क’. कागदाचे षट्कोन कापावेत, त्यांवर कापड दुमडून कच्चे टाके घालावेत, तुकडे कडेला कड लावून जोडावेत आणि शेवटी कागद काढून घ्यावेत, ही इंग्लंडमधील जुनी रीत त्यात आहे. षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो. तीन कोन मिळून ३६० होतात, म्हणून मध्ये फट राहत नाही. भूमितीच्या शिक्षकांनी हा पाठ अवश्य घ्यावा.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. या पुस्तकी पद्धतीत वरचे कापड आधी जोडून घेतात, खाली कापसाचा थर व अस्तर घालतात आणि मध्यापासून कडेकडे शिवत जातात. मी तोच एकमेव नियम म्हणून शिकविला. एका मुलीने घरी जाऊन आजीला सांगितले, “तू उलटे शिवतेस.” त्या बाईंनी काही दिवस सुई हाती धरली नाही.

मी त्यांच्या घरी गेले आणि त्यांचे काम पाहत बसले. त्या जुने लुगडे अंथरून कडेपासून आत धावदोरा घालीत होत्या. प्रत्येक तुकडा हाताने सारखा करून, कड आत मुडपून, मगच पुढचा ठेवीत होत्या. पुस्तकातील तीन सुटे थर एकत्र धरावयाचे असतात, म्हणून सुरकुती बाहेर ढकलावी लागते. येथे ती साठतच नाही. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी भगिनीही आपली कवंदी कडेपासूनच आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर घडीचे ‘फुला’ लावतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. दोहोंचे कारण निराळे आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक शाळेने एक वही घालावी. गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून कापड कोणते, थर किती, सुई कोठून निघते, कोपरा कसा वळतो आणि टाक्यास काय म्हणतात, हे मुलींनी त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. सांगणारीचे नाव तिच्या संमतीने लिहावे. तीन पुस्तके मी सांगितली. चौथे तुम्हांला लिहावयाचे आहे. सांगणारे हात आहेत, तोवर ते लिहून होवो.