पैठणीची नक्षी आणि प्रकाशाचा झोत
(तिसगाव येथे साळी समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘कला आणि समाज’ असा ऐसपैस विषय छापलेला आहे. या विषयावर तासभर बोलूनही काहीच न सांगता खाली बसण्याची सोय असते. तो मोह टाळून आम्ही विषय आखडता घेतला आहे. पुढील संमेलनासाठी आपल्या तरुण मंडळींनी एक योजना कार्यकारी मंडळापुढे ठेवली, तिच्यावरून दोन बैठकांत बरीच गरमागरमी झाली, आणि आज जेवणाच्या पंगतीतही तीच चर्चा कानांवर आली. तेव्हा त्या योजनेविषयीच बोलणे बरे.

योजना थोडक्यात अशी. पांढरे साधे वस्त्र नेसलेली नर्तिका अंधाऱ्या सभागृहात उभी राहील. समोरच्या प्रोजेक्टरमधून पैठणीची नक्षी, म्हणजे आसावलीचा वेल, मुनिया पोपट, बांगडी-मोर, नारळी काठ, तिच्या अंगावर उजेडाने उमटेल. ती नाचेल, आणि त्या नृत्याची चित्रफीत तयार होईल. यावर आक्षेप दोन आले. एका पक्षाचे म्हणणे, शंकराच्या जिव्हेपासून प्रकटलेल्या भगवान जिव्हेश्वरांना आपण मूळपुरुष मानतो, श्रावण शुद्ध त्रयोदशीला त्यांची जयंती करतो. ज्यांनी सूत विणून देहाला वस्त्र दिले त्यांच्या वंशजांनी सूत सोडून उजेड नेसवावा, हे शोभते काय? दुसरा पक्ष म्हणतो, घरच्या मुलींनी असे नाचावे काय?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आम्ही आधी देतो, कारण ते लहान आहे. रोहिणी भाटे यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ १९४७ साली काढली. तेव्हापासून महाराष्ट्रातील मध्यम स्थितीच्या घरांतून मुली कथ्थक शिकत आल्या आहेत आणि त्यामुळे कोणाच्या घराण्याचा उंबरठा झिजला नाही. ज्यांनी लावणीच्या फडांवर आयुष्य घालवले त्या कलावतींनाही ‘नाचणारी’ म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न निराळाच. एक गोष्ट मात्र खरी. चित्रफीत एकदा हातोहाती गेली की परत बोलावता येत नाही. म्हणून जी मुलगी नाचेल तिची, आणि ती अज्ञान असेल तर तिच्या आईवडिलांचीही, लेखी संमती घ्यावी. चित्रफीत पुरी झाल्यावर तिला प्रथम दाखवावी. आणि तिने नको म्हटलेला भाग काढून टाकावा. नाचणारा मुलगा असला तरी नियम हाच. याहून अधिक काही या बाबतीत आम्हांस सुचत नाही.

पहिला आक्षेप मात्र भारी आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या तरुणांशी आम्ही सहमत नाही.

प्रथम हे लक्षात घ्यावे की कापड आणि उजेड यांची सोयरीक काही काल जमलेली नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ १८९२ साली सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातांनी रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पाडावयाची, पट्ट्या सरकवून त्या चित्रांना हालचाल द्यावयाची, असा तो खेळ असे. रजतपट येण्यापूर्वीची ही गोष्ट. पुढे यात्रांतून तंबूतले सिनेमे आले. तेथेही देव, राजे, राक्षस सारे उतरत ते कापडावरच. त्याच १८९२ साली पॅरिसच्या ‘फोली बर्जेर’ या नाट्यगृहात लॉई फुलर नावाची अमेरिकन नर्तिका रेशमाचा प्रचंड घोळदार झगा घालून नाचू लागली. हातांत काठ्या धरून ती तो झगा फिरवी आणि त्यावर रंगीत दिव्यांचे झोत पडत. तिची करामत अर्धी दिव्यांची असली तर अर्धी कापडाची होती. पुढे १९६० नंतरच्या दशकात ऑल्विन निकोलाय या अमेरिकन नृत्यकाराने रंगवलेल्या काचपट्ट्यांची चित्रे थेट नर्तकांच्या अंगावर पाडली. म्हणजे आपल्या तरुणांची कल्पना नवीन नाही. नवीन आहे ती एवढीच गोष्ट, की यावेळी अंगावर पडणारी नक्षी ही आपल्या हातांची आहे.

आणि तेथेच खरी मेख आहे. ती कळण्यासाठी नक्षी कापडात कशी येते आणि उजेडात कशी येते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागेल. आमच्या बोलण्याचा हाच भाग लांबणार आहे. ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावे.

पैठणीची नक्षी कापडावर चढवलेली नसते, ती कापडातच जन्मते. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून रंगारंगाच्या लहान लहान तिल्ल्या हाताने फिरवावयाच्या, जेथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तेथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवावयाचे, आणि असे ओळीमागून ओळ करीत पोपटाची चोच गाठावयाची. म्हणूनच अस्सल पैठणीची पाठ पोटासारखी दिसते. मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. आता संगणकावर काम करणारी आपली मुले सांगतात की पडद्यावरचे चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना ही गोष्ट अडाणीपणातही ठाऊक होती. उभा धागा आणि आडवा धागा जेथे भेटतो तो एक ठिपका, आणि वेल म्हणजे मोजलेल्या ठिपक्यांची रांग, एवढेच तर त्यांचे गणित होते.

मात्र ठिपक्यांचा हिशेब करून पाहिला तर प्रोजेक्टरची श्रीमंती फार टिकत नाही. आज सर्रास मिळणाऱ्या चांगल्या प्रोजेक्टरच्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. एकूण वीस लाखांहून अधिक. ऐकायला संख्या मोठी वाटते. परंतु नर्तिकेचे हात वर गेले असता ती झोतात मावावी म्हणून चित्राची उंची ७ फूट, म्हणजे ८४ इंच, धरावी लागेल. १०८० ठिपके ८४ इंचांत वाटले की इंचाला तेरासुद्धा येत नाहीत. रेशमी वस्त्रात इंचाला याच्या कितीतरी पट धागे असतात. तीन इंचांची मुनिया खऱ्या मापाने पाडली तर तिच्या वाट्याला उंचीत जेमतेम अडतीस-एकोणचाळीस ठिपके येतील, आणि त्यांत तिचा डोळा व चोच दोन्ही विरून जातील. यावर उपाय एकच, नक्षी मोठी करणे. पोपट वीतभर नव्हे, हातभर करावा लागेल. मग तो पदरावरचा पोपट राहत नाही, भिंतीवरचा होतो. म्हणून आमची सूचना अशी की प्रारंभी पोपटांच्या नादी लागूच नये. आसावलीचा वेल घ्यावा. तो स्वभावानेच खालून वर चढणारा आहे. मोठा केला तरी त्याची जात बदलत नाही, आणि स्थिर उभ्या असलेल्या देहावर पावलांपासून खांद्यापर्यंत तो चढताना फार सुंदर दिसेल.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. नेसलेले वस्त्र देहाबरोबर फिरते. नर्तिकेने गिरकी घेतली की मोरही गिरकी घेतो. उजेडाची नक्षी तसे करीत नाही. ती हवेत जेथल्या तेथे उभी असते आणि नर्तिका तिच्यातून, नदीच्या पाण्यातून जावे तशी, निघून जाते. क्लाउस ओबरमायर या ऑस्ट्रियन कलावंताने २००४ साली ‘ॲपॅरिशन’ या प्रयोगात नर्तकाची हालचाल कॅमेऱ्याने टिपून संगणकाकरवी चित्र त्याच्या मागे मागे चालवले होते. ते आपल्या ऐपतीचे काम नव्हे. आपण नृत्यच असे बसवावे की पाय एका जागी राहतील. कथ्थकातील एका जागच्या चकरा आणि हस्तमुद्रा यांना त्यात भरपूर वाव आहे. क्वचित् मुद्दाम तिला नक्षीतून बाहेर पडू द्यावे. नक्षी मागे राहिली आणि मुलगी पांढऱ्या वस्त्रात अंधारात गेली, हे दृश्य आपल्या समाजातील किती घरांची गोष्ट सांगेल, हे आम्ही फोड करून सांगावयास नको. तुमच्या-आमच्या माळ्यांवर मागाचे सुटे सांगाडे अजून पडलेले असतील.

तिसरी गोष्ट काळ्या रंगाची. प्रोजेक्टर सगळे रंग टाकतो, फक्त काळा टाकू शकत नाही. कारण काळा म्हणजे उजेडाचा अभाव. संक्रांतीची काळी चंद्रकळा आपण सर्वांनी पाहिली आहे. तिची नक्षी पाडली तर अंगाचा भाग अंधारात बुडेल आणि नुसता तांबडा काठ व जरीची बुट्टी अधांतरी चालू लागेल. आमच्या मते सबंध चित्रफितीत ही एकच जागा अशी असेल की जेथे उजेड कापडावर मात करील. बाकी ठिकाणी, विशेषतः जरीच्या बाबतीत, त्याने हार पत्करावी हे बरे. जरीचे तेज कोन बदलला की बदलते. बाई जिना उतरते तेव्हा पदर एकेका पायरीला निराळा चमकतो. प्रोजेक्टरची जर म्हणजे पिवळा रंग. तो चमकत नाही, नुसता दिसतो.

तेव्हा ‘सूत सोडून उजेड’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे असे की भय बाळगू नये. उजेड पैठणीची जागा घेऊ शकत नाही, हे ही चित्रफीतच दाखवून देईल. भय बाळगावयाचे असेल तर ते निराळ्याच गोष्टीचे. तरुण मंडळींनी पहिल्या बैठकीत जी नक्षी दाखवली, ती त्यांनी कोठून आणली होती? कोणत्या तरी छापील साडीच्या जाहिरातीवरून उतरवलेली. तिच्यातील मोराची मान कोणत्याही मागावर तशी वळली नसती, आणि काठाच्या नारळी रांगेत एका ठिकाणी जोड चुकलेला होता. येथून उण्यापुऱ्या दिवसाच्या वाटेवर, शेवगावच्या पलीकडे, गोदेच्या अलीकडच्या काठी मुंगी आणि पलीकडच्या काठी पैठण. या दोन तीरांचे नाव घेऊन जगणाऱ्या समाजाच्या मुलांनी पैठणीची नक्कल नकलेवरून करावी, याचे वाईट वाटते.

पैठणीला भौगोलिक निर्देशनाची नोंद २०१० साली मिळाली. ती चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्या नोंदीने वस्त्राच्या नावाला संरक्षण दिले. उजेडात पाडलेल्या मोराला त्या कायद्याचा आधार सहजी मिळेल असे नाही. आणि जुनी नक्षी तर दिवसेंदिवस नाहीशी होत आहे. फाटलेल्या जुन्या पैठण्या जाळून त्यांच्या जरीतील सोने-चांदी काढून घेण्याची चाल आपणांस नवी नाही. तोळ्यांचा भाव आला, आणि त्या पदरावर कोणी किती महिने बसून काय मोजले होते ते राखेत गेले. त्याची प्रत कोठेही नाही.

म्हणून या योजनेला आमची संमती आहे ती अशा अटींवर. नक्षी जाहिरातीवरून न घेता आपल्याच पेट्यांतील जुन्या वस्त्रांवरून घ्यावी. ती कागदावर उतरविण्याचे काम येवले अथवा पैठण येथील, आजही मागावर बसणाऱ्या विणकराकडे द्यावे आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. ‘समाजकार्य’ म्हणून फुकट करून घेऊ नये. चित्रफितीच्या आरंभी नर्तिकेच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्याचे नाव यावे. आणि नर्तिकेचे पांढरे वस्त्र हातमागावरच विणून घ्यावे. हा हट्ट केवळ भावनेचा नाही. झोतासाठी न चमकणारे जाडसर सुती कापडच लागते. रेशीम वा नायलॉन घेतले तर उजेड परावर्तित होऊन चित्र फिके पडते. झोत नर्तिकेच्या डोळ्यांत थेट जाऊ नये म्हणून प्रोजेक्टर उंच व किंचित बाजूस ठेवावा, मागची भिंत काळ्या कापडाने झाकावी, आणि अंतर वाढविण्याची हौस करू नये. अंतर दुप्पट केले की उजेड चौपटीने उतरतो. चित्रीकरणाच्या आधी कॅमेऱ्याची गती प्रोजेक्टरशी जुळवून पाहावी, नाहीतर अंगभर आडवे पट्टे सरकताना दिसतील.

आता राहिले पेट्यांचे. ज्यांच्या घरी आजीची, पणजीची पैठणी आहे, तिचा एखादा तुकडा का असेना, त्यांनी छायाचित्रासाठी ती उघडावी. खिळ्याला टांगू नये, इस्त्री करू नये. स्वच्छ चादरीवर सपाट पसरावी, खिडकीच्या उजेडात ठेवावी, दिव्याचा लखलखाट करू नये, आणि शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे म्हणजे नक्षीचे खरे माप कळेल. छायाचित्र दोन्ही बाजूंचे हवे. धागे कोठे अडकवले ते पाठीकडून अधिक नीट वाचता येते. पुन्हा घडी घालताना जुन्या मोडीवर घालू नये, तेथेच रेशीम तुटते. वस्त्र कोणाचे, कोणत्या लग्नातले, कोठे विणलेले, एवढे तीन ओळींत लिहून द्यावे. वस्त्र घरीच राहील. आम्हांस फक्त छायाचित्र हवे आहे. नावे लिहून घेण्यासाठी व्यासपीठाच्या डाव्या हाताला वही ठेवली आहे. भगिनींनी ती आधी पाहावी, कारण पेटीची किल्ली बहुधा त्यांच्याकडे असते.