ठेक्यातली कारागिरी

वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘झिंगाट’ सुरू झालं की पाय थांबत नाहीत. आणि त्याच वेळी घरातलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘कसला हा धांगडधिंगा!’ नाचाच्या गाण्याला आपण पायांनी दाद देतो, कान मात्र ख्याल, नाट्यगीत आणि अभंगासाठी राखून ठेवतो. मला हे अन्यायाचं वाटतं. लाखो माणसांना एकाच क्षणी उठवणारं गाणं बांधणं ही अवघड कला आहे, आणि ती कशी ऐकायची, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करू. तुळजापूरच्या आईचा गोंधळ तुम्ही ऐकला असेल. गोंधळ्याच्या कमरेला संबळ असतो. त्यात दोन वाद्यं जोडीनं बांधलेली, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जातला. पुढच्या वेळी फक्त खर्ज ऐका. तो जागा धरून बसतो, फारसा हलत नाही. मग चढा आवाज ऐका. तो सारखा पळतो, अडतो, मध्येच गाळलेली मात्रा भरून काढतो. हलगीचंही तसंच. वाजवण्याआधी हलगी आगटीवर शेकतात, कारण कातडं सैल पडलं की आवाज बसतो. मग एका हातातलं जाड टिपरू ठोका देतं आणि दुसऱ्या हातातली बारीक काडी त्या ठोक्यांच्या मधली जागा फटकाऱ्यांनी भरते. अंगात येतं ते या दोन नादांच्या ओढाताणीमुळे. नुसत्या मोठ्या आवाजानं कुणाच्या अंगात येत नाही.

आता थोडं लांब जाऊ. १९९० नंतर जर्मनी, इटली, बेल्जियम, स्वीडनमधल्या स्टुडिओंतून युरोडान्स नावाचा प्रकार जगभर गेला. ड्रम मशीनचा ठोका प्रत्येक मात्रेवर, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास किंवा त्याहून जलद, आणि त्यावर की-बोर्डची एक छोटी, डोक्यातून न जाणारी सुरावट. इटलीतल्या तुरिनच्या ‘आयफेल ६५’ या त्रिकुटाचं ‘ब्लू’ हे त्यातलं गाजलेलं गाणं. १९९८ मध्ये आलं, १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यातली पियानोची ओळ मॉरिझियो लोबिना यांची. जेफ्री जे यांचा आवाज मुद्दाम यंत्रातून काढून बदललेला. गाणारे इटलीचे, भाषा इंग्रजी, आणि ध्रुवपदात तर अर्थ नसलेली अक्षरं. तरीही ते देशोदेशी गेलं, कारण ती अक्षरं कुणालाही पहिल्या ऐकण्यात म्हणता येतात. शब्दाला इथं वाद्याचं काम दिलेलं आहे.

हे कानात ठेवून ‘झिंगाट’कडे या. आपल्या जिल्ह्यातल्या परंड्याच्या शिवेला लागून करमाळा तालुका, त्यातलं जेऊर हे ज्या चित्रपटात ‘झिंगाट’ आहे त्या ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं गाव. त्याच मुलखात चित्रित झालेला ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला आपल्याकडे लागला. संगीत अजय-अतुल गोगावले यांचं. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदलीच्या गावांत वाढलेली ही भावंडं. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. गावागावांत जे कानावर पडलं तीच त्यांची शाळा, आणि त्याच शिदोरीवर त्यांनी ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

‘सैराट’च्या संगीतासाठी त्यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. अल्बममध्ये गाणी अवघी चार. ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनांचा तो विस्तार ऐका आणि लगेच ‘झिंगाट’ लावा. एकीकडे सूर पसरत जातो, दुसरीकडे ताल अंगावर येतो. हाती एवढा मोठा वाद्यवृंद असताना कुठे तालावरच भिस्त ठेवायची, हे कळणं मला या संगीतकारांचं खरं मोठेपण वाटतं. ‘झिंगाट’ त्यांनी स्वतःच गायलं आहे, तेही मोकळ्या गळ्यानं, रानात हाक मारावी तसं. ओळी आखूड, बोली सोलापूरकडची, आणि ध्रुवपदात एकच शब्द पुन्हा पुन्हा. त्यातला ‘झिं’ घुमतो आणि शेवटचा ‘ट’ हलगीवरच्या काडीसारखा तुटतो. तुरिनच्या त्रिकुटानं जे यंत्रावर साधलं, ते इथं गावच्या बोलीनं साधलं.

मग ते गाणं मराठीबाहेर निघालं. २०१७ मध्ये ‘मनसु मल्लिगे’तून कन्नडमध्ये, २० जुलै २०१८ ला ‘धडक’मधून हिंदीत. तिथं शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, कथा उदयपूरची. चाल आणि ठेका तेच. यापूर्वीही असं घडलं होतं. ‘जत्रा’तलं ‘कोंबडी पळाली’ २०१२ मध्ये ‘अग्निपथ’चं ‘चिकनी चमेली’ झालं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात, मराठी धड वाचता न येणारी मुलंही ‘झिंगाट’वर नाचतात. मला स्वतःला मराठीच ‘झिंगाट’ उजवं वाटतं. हिंदी शब्द गुळगुळीत आहेत, तालाला घासत नाहीत.

एक मात्र सांगतो. डीजेच्या भिंतीसमोर यातलं काहीच ऐकू येत नाही. तिथला खर्ज वरचं सगळं नक्षीकाम गिळून टाकतो, छाती हादरते आणि कान बधिर होतात. तेव्हा हे गाणं घरी, हळू आवाजात ऐका. पहिल्यांदा फक्त खालचा ठोका धरा, नंतर वरची वाद्यं, मग नुसता गायकाचा गळा. आणि येत्या लग्नसराईत वरातीला हलगीवाले सांगितले असतील, तर त्यांना डीजेच्या आधी अर्धा तास मोकळा द्या, त्यांच्याजवळ उभं राहून ऐका, आणि ठरलेली बिदागी त्याच दिवशी हातात द्या.