श्रवण हीसुद्धा साधनाच!



1933 साली गदगचा अकरा वर्षांचा एक मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. त्याआधी एका दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका त्याच्या कानी पडली होती. राग झिंझोटी, ठुमरीचा बाज आणि अवधी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा. तबकडी थांबली, पण त्या मुलाच्या मनातील सूर थांबला नाही. तो मुलगा म्हणजेच पुढे ‘भारतरत्न’ या सन्मानाने गौरविले गेलेले पंडित भीमसेन जोशी. ज्या सवाई गंधर्वांकडे अखेर त्यांना विद्या मिळाली, ते खाँसाहेबांचेच शिष्य होते. एका तबकडीने एका आयुष्याला दिशा दिली. ध्वनिमुद्रणाला केवळ करमणुकीचे साधन मानणाऱ्यांनी या घटनेचा अवश्य विचार करावा.

हिंदुस्थानात शास्त्रीय गायनाचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते 1902 साली, कलकत्त्यात. गौहर जान या त्या पर्वाच्या अग्रणी गायिका. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव उच्चारीत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कामगारांना कलावंताची ओळख पटावी लागे. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोकळ्या, चढ्या आवाजात गावे लागे. तंबोऱ्याचा झंकार आणि हळुवार मींड त्या कर्ण्यात कितीशी उतरणार? 1925 नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले, तेव्हा कुठे स्वरांच्या नाजूक छटा तबकडीवर उमटू लागल्या. म्हणून दोन मुद्रिकांची तुलना करू पाहणाऱ्याने प्रथम त्यांचा काळ आणि तंत्र पाहावे. कर्ण्याच्या काळातील गायकाला ‘कर्कश’ म्हणणे हा यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारण्याचा प्रकार होय.

तीच गोष्ट वेळेची. तासाभरात फुलणारा राग तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत सांगायचा, म्हणजे सागर घागरीत भरायचा. थोर कलावंतांनी या बंधनाचेही सौंदर्यात रूपांतर केले. गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची. 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीवर भारतीय संगीताचा प्रतिनिधी म्हणून हीच एकमेव रचना निवडली गेली. पुढे दीर्घ मुद्रिका आली आणि एका बाजूस वीसेक मिनिटे मिळू लागली. किशोरीताई आमोणकरांचा त्या मुद्रिकेवरील भूप ऐकताना विलंबितातील सावकाश बढत आणि द्रुतातील लाघव ही दोन्ही अंगे अनुभवता येतात. केसरबाई आणि किशोरीताईंच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर या दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर यांना त्याच परंपरेची तालीम खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून लाभली. एकाच वटवृक्षाच्या या शाखा. पण केसरबाईंचा भरदार आकार, मन्सूरअण्णांची लयीशी चाललेली अखंड लगट आणि किशोरीताईंचा भावगर्भ स्वर किती निरनिराळे! घराणे म्हणजे साचा नव्हे, हे अशा तुलनेतूनच उमगते.

मात्र तुलना म्हणजे कुस्तीचा आखाडा नव्हे. ‘आमचे बुवा श्रेष्ठ की तुमचे?’ या वादात रसिकांच्या कित्येक बैठकी वाया जातात आणि नवखा श्रोता पुन्हा फिरकत नाही. श्रवणमंडळाने काही साधे संकेत पाळावेत. एका बैठकीत एकच राग घ्यावा. मुद्रिका कलावंताचे नाव न सांगता लावावी, म्हणजे नावाचे दडपण राहत नाही. संपेपर्यंत कोणी बोलू नये. त्यानंतर वयाने सर्वांत लहान असेल त्याने प्रथम बोलावे आणि निवाडा न देता काय ऐकू आले एवढेच सांगावे. ज्येष्ठांनी शेवटी बोलावे. फिरकीच्या वेगाकडेही लक्ष असावे. जुन्या तबकड्या सर्वच नेमक्या 78 फेऱ्यांच्या नसत. वेग चुकला की पट्टी बदलते आणि कलावंताचा आवाजच परका होतो.

या साऱ्याची निकड का, हेही समजून घेतले पाहिजे. ज्या अल्लादिया खाँसाहेबांनी एवढी परंपरा उभी केली, त्यांनी आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. 1946 साली ते गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. तो आता शिष्यांच्या गळ्यातूनच शोधावा लागतो. जे मुद्रितच झाले नाही त्याबद्दल हळहळण्यापलीकडे हाती काही नाही. पण जे मुद्रित होऊन घराघरांत आले, तेही आज हातचे निसटत आहे. आजोबांनी पोटाला चिमटा काढून जमवलेल्या तबकड्यांची पेटी माळ्यावर धूळ खात पडते आणि घर बदलताना भंगारात जाते. तिच्याबरोबर ती तबकडी कोणी, केव्हा, कोणत्या ओढीने घेतली याची आठवणही जाते. आज भ्रमणध्वनीवर हवे ते गाणे क्षणात मिळते, हे खरे. परंतु कानात यंत्र खोचून एकट्याने ऐकणाऱ्याला ‘ती जागा पुन्हा ऐका’ असे म्हणणारा सोबती तेथे नसतो. जाणकाराच्या शेजारी बसून, त्याची मान कोठे डोलली हे पाहतच पूर्वीच्या पिढ्यांचे कान तयार झाले.

तेव्हा या रविवारी घरातील पेटी खाली उतरवावी. तबकड्या एकमेकींवर रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ टिपावी. जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट मुळीच लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. प्रत्येकीवरचे नाव, राग आणि क्रमांक वहीत उतरवावा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तिची हकिकतही तेथेच लिहावी. मग चार शेजारी बोलवावेत, मुलांना पुढे बसवावे आणि एक तबकडी लावावी.

त्या चार मुलांपैकी एखाद्याचे पाय गदगच्या त्या मुलासारखे जागच्या जागी खिळणार नाहीत, असे कोणी सांगावे? सगळेच भीमसेन होणार नाहीत. पण भीमसेनांचे गाणे ऐकायलाही तयार कान लागतात आणि ते कान घराघरांतूनच घडतात.