रंगमंचाची तुटलेली साखळी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जळगाव येथे केलेले भाषण)



मंडळाने ह्या वर्षी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही मॅट्रिक झालेले एक साधे शिक्षक. पाचवी ते सातवीचे वर्ग सांभाळावेत आणि हिवाळा आला की स्नेहसंमेलनाचे नाटक बसवावे, ह्यातच आमची नोकरी सरली. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणे नाही. डोळ्यांनी पाहिले तेवढे सांगतो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलुपे लागली. त्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्याने किती मृत्यू पाहिले, हे आपणांस सांगावयास नको. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा भरू लागल्या. २२ ऑक्टोबरपासून राज्यातील नाट्यगृहेही निम्म्या प्रेक्षकांसाठी उघडली. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद पडल्या. आमच्या शाळेच्या पटांगणात नाटकाचा मंच उभा राहिला तो एकदम २०२२ च्या डिसेंबरात.

आम्ही तेव्हा निवृत्त झालो होतो. पण शाळेने बोलाविले म्हणून गेलो. नाटकाची पेटी उघडली, तो कपड्यांना कसर लागलेली, रंग वाळून खडे झालेले. ते नवे आणता आले. खरे नुकसान निराळेच होते. २०१९-२० साली आठवी, नववी, दहावीत असलेली सारी मुले तोवर शाळा सोडून गेली होती. पडदा केव्हा ओढावा, विंगेतून विसरलेले वाक्य कसे पुरवावे, घाबरलेल्या सोबत्याला पाणी देऊन धीर कसा द्यावा, हे आम्ही शिक्षकांनी कधी शिकविलेच नव्हते. थोरली मुले ते धाकट्यांना शिकवीत आणि श्रेय आम्ही घेत असू! साथीने ती साखळी तोडली, तेव्हा कोठे आम्हांस तिचे मोल कळले.

ही गोष्ट खेड्यातील शाळेपुरती नव्हे. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून महाविद्यालयीन रंगभूमीचे मानाचे स्थान मानली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही एकांकिकेस करंडक दिला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला. आम्हांस मात्र ते वाचून आमच्या पटांगणातली मुले आठवली. दोन वर्षे ज्यांना कोणी हात धरून रंगमंचावर नेले नाही, त्यांना एकदम दोष कसा द्यावा?

आता आमची स्वतःची चूक सांगतो. आम्ही मोठ्या हौसेने साथीवरच बोधपर नाटक लिहिले होते. तालमीत मुलांचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जाईना. आठवीतील एका मुलीवर आम्ही रागावलोही. तेव्हा ती हळूच म्हणाली, “गुर्जी, आमले हासानं नाटक करनं शे.” तिचे वडील २०२० च्या जूनमध्ये गेले होते, हे आम्हांस मागाहून कळले. जे दुःख तिने घरी भोगले, ते आम्ही तिच्याकडून टाळ्यांसाठी वदवून घेत होतो! आम्ही ते बाड मिटले ते मिटलेच.

मग मुलांनीच बाजाराच्या दिवसावर एक फार्स रचला, तोही अहिराणीत. रंगमंचावर शुद्ध बोला, असे आम्ही तीस वर्षे बजावीत आलो होतो. ह्या वेळी गप्प राहिलो. आणि काय आश्चर्य! तीच मुले अशी खणखणीत बोलू लागली की पटांगणाच्या कुंपणाशी उभे असलेले लोकही हसत होते. संमेलनाच्या संध्याकाळी आम्ही विंगेत डोकावलो. ती मुलगी पाचवीतल्या एका मुलाला पागोटे बांधून देत होती आणि कोठे उभे राहायचे ते बोटाने दाखवीत होती. साखळीची पहिली कडी पुन्हा जुळली होती.

जवळच्याच असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांच्या मुलाला, ओंकारला, प्लेगने कायमचे अधू केले. त्या माउलीला लिहिता येत नव्हते. दुसऱ्या मुलाने, सोपानदेवांनी, तिची गाणी वेळीच उतरवून घेतली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. तोंडी चालत आलेले धन असे असते. घेणारा हात पुढे आला नाही, तर ते एका पिढीत नाहीसे होते.

म्हणून मंडळाच्या कुटुंबांस आमची एकच विनंती आहे. जळगाव-धुळ्याकडे आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना तोंडाला रंग लावला आहे. स्नेहसंमेलनाला ढाल किंवा चषक देऊन आपण मोकळे होतो. त्याऐवजी दिवाळीनंतरचे आठ दिवस आपल्या गावच्या शाळेला द्यावेत. पडदा धरावा, वेशभूषा शिवून द्यावी, मुलांचे ऐकावे. आणि मुलांनी कोणते नाटक करावे, हे शक्य तो मुलांनाच ठरवू द्यावे, एवढे आम्ही आमच्या अनुभवाने सांगतो.