नोंदींच्या दप्तरातील बदल : थोडा थोडा, पण पक्का

(भाषणाचा मजकूर)



लहरीपुरा दरवाजा ही वडोदऱ्याच्या जुन्या शहराची एक वेस. याच राजधानीतून श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे कार्य हाती घेतले, तेव्हा ते सर्व राज्यात एकदम लागू केले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये कायद्याने ते राज्यभर नेण्यात आले. आधी लहान क्षेत्रात पारख, मग विस्तार, हे सूत्र संगणकीय नोंदींच्या कामीही तितकेच उपयुक्त आहे.

डेटाबेस म्हणजे संगणकातील नोंदींचे दप्तर. १९७० मध्ये ई. एफ. कॉड यांनी मांडलेल्या पद्धतीनुसार ते तक्ते, ओळी व रकाने यांत बांधले जाते. सर्व रकाने आरंभीच कायम करावेत, असा पूर्वी प्रघात होता. लोकांच्या गरजा मात्र बदलत असतात. २००१ मध्ये सतरा तज्ज्ञांनी अमेरिकेत जाहीरनामा काढून टप्प्याटप्प्याने काम करण्याचा ‘ॲजाइल’ विचार मांडला. स्कॉट ॲम्बलर व प्रमोद सदलगे यांच्या २००६ च्या ग्रंथात डेटाबेस लहान लहान बदलांनी कसा सुधारावा, याचे विवेचन आहे.

एक उदाहरण पाहावे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय दस्तऐवजांत आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहिणे बंधनकारक झाले. समजा, एखाद्या शाळेच्या डेटाबेसमध्ये संपूर्ण नावाचा एकच रकाना आहे. तो तडकाफडकी काढल्यास जुन्या विद्यार्थ्यांचे दाखले अडतील. म्हणून जुना रकाना राखून प्रथम नवे रकाने जोडावेत. जुन्या नावांची फोड करून ती त्यांत भरावी. शंकास्पद नावे शिक्षकांनी मूळ नोंदवहीशी ताडून पाहावीत. काही काळ दोन्ही व्यवस्था चालाव्यात आणि एकीतील दुरुस्ती दुसरीतही उतरावी. सर्व दाखले नव्या रकान्यांवरून बिनचूक निघू लागल्यावरच जुना रकाना वगळावा.

तलाठ्याच्या दप्तरातील फेरफारास जसा क्रमांक असतो, तसाच डेटाबेसमधील प्रत्येक बदलासही असावा. तो आधी दप्तराच्या प्रतीवर चालवून पाहावा आणि चूक आढळल्यास मागे घेण्याची तजवीजही असावी. रचना करणारे तज्ज्ञ आणि नोंद करणारे कर्मचारी यांनी एकत्र बसूनच हे ठरवावे.

रकाना चुकला, तर त्याची झळ प्रथम दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या पालकास लागते. सावकाश आणि तपासून केलेला बदल त्याचे हे खेटे वाचवील.