दोन मंत्र आणि एक शेत



गेल्या वर्षी याच मांडवात आमचे व्याख्यान झाले. विषय होता जुन्या हस्तलिखितांचा. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी अगदी सरळ प्रश्न केला : "पोथीतल्या एका अक्षरासाठी माणसे आयुष्य घालवतात आणि त्यांचा पगार आमच्या करातून जातो. इकडे आमच्या जमिनी चोपण होत चालल्या आहेत. त्यांचे काय?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो, दोन शब्द बोललो आणि वेळ संपल्याचे निमित्त करून खाली बसलो. घरी जाताना मात्र चैन पडेना. प्रश्न खोचक नव्हता, खरा होता. आणि आमचे उत्तर खोटे नसले तरी पळपुटे होते. म्हणून यंदा चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच मागून घेतला.

विद्येची व्याप्ती सांगायची म्हणजे शास्त्रांची नावे एकापुढे एक मांडायची, असा एक रिवाज आहे. तशी यादी ऐकून कोणाचेच समाधान होत नाही. त्यापेक्षा आपण एका गावाला जाऊ. जर्मनीच्या पूर्व भागात हाले नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठ 1694 सालचे. शहराच्या दक्षिणेला सुमारे 15 किलोमीटरांवर मेर्सेबुर्ग हे जुने बिशपांचे गाव. आज जे सांगायचे आहे ते बहुतेक सगळे या दोन गावांच्या टापूतले आहे.

मेर्सेबुर्गच्या कॅथीड्रलच्या ग्रंथसंग्रहात 1841 साली गेओर्ग वाइट्स नावाचे एक तरुण इतिहाससंशोधक जुनी कागदपत्रे धुंडाळीत होते. त्यांना हवी होती मध्ययुगातील राजेरजवाड्यांच्या इतिहासाची साधने. हाती आले ते एक ख्रिस्ती उपासनेचे लॅटिन पुस्तक. त्यात एका कोऱ्या राहिलेल्या पानावर दहाव्या शतकातल्या कोणा लेखकाने, तो बहुधा फुल्डा येथील मठातला असावा, जुन्या जर्मन भाषेत दोन मंत्र उतरवून ठेवले होते. दोन्ही मिळून डझनभर ओळी. वाइट्स यांचा हा विषय नव्हे. पण आपल्या कामाचे नाही म्हणून त्यांनी पान उलटले नाही. त्यांनी ते याकोब ग्रिम यांच्याकडे सोपविले आणि ग्रिमांनी पुढच्याच वर्षी, 1842 साली, बर्लिनच्या अकादमीपुढे त्यावर व्याख्यान दिले. परीकथा गोळा करणारे ग्रिमबंधू आपल्याला ठाऊक असतात, त्यांतले हे थोरले.

पहिला मंत्र आहे शत्रूने बांधलेल्या कैद्याचे बंध सुटावेत म्हणून. दुसरा आहे लंगड्या घोड्यासाठी. देव रानात निघाले असता बाल्डर देवाच्या शिंगराचा पाय मुरगळला. देवींनी मंत्र म्हटले, शेवटी वोदान देवाने म्हटला. आणि मग हाड हाडाशी, रक्त रक्ताशी, सांधा सांध्याशी चिकटून बसावा, अशी आज्ञा आहे. ख्रिस्ती धर्म येऊन रुजल्यानंतर, ख्रिस्ती पुस्तकात, बहुधा ख्रिस्ती साधूच्याच हाताने जुन्या देवांचे हे मंत्र लिहिले गेले. त्याने ते का लिहिले असतील? मठाच्या पागेत एखादे घोडे लंगडत असेल, असे आम्हांला आपले वाटते. पुरावा नाही, पण माणसाचा स्वभाव पाहता अशक्यही नाही.

या मंत्रात पायाला जो शब्द आहे तो 'फुओझ' असा. आपला संस्कृत शब्द 'पाद'. ऐकायला दोघांचा काही संबंध दिसत नाही. पण ग्रिमांनी 1822 साली दाखवून दिले होते की जुन्या 'प'च्या जागी जर्मन कुळातल्या भाषांत 'फ' येतो आणि 'द'च्या जागी 'ट'. म्हणून इंग्रजीत 'फूट'. त्या 'ट'चा पुढे जर्मन भाषेत 'त्स' किंवा 'स' झाला. आपले 'दश', इंग्रजांचे 'टेन', जर्मनांचे 'त्सेन'. हा बदल एखाद्या शब्दापुरता, लहर लागेल तसा होत नाही, रांगेने होतो. काही शब्द त्यातून सुटलेले दिसतात, पण तेही बहुधा कोणत्या तरी दुसऱ्या नियमाने सुटतात. उच्चारांसारख्या वाऱ्यावरच्या गोष्टीला नियम असतो, हे त्या पिढीला भूकंपासारखे वाटले असले पाहिजे.

पुढे 1864 साली आडाल्बेर्ट कून नावाच्या पंडितांनी हा घोड्याचा मंत्र अथर्ववेदाशेजारी ठेवला. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात बारावे सूक्त रोहिणी नावाच्या वनस्पतीला उद्देशून आहे. मोडलेले हाड सांधावे म्हणून ते म्हणावयाचे. तेथेही मज्जा मज्जेशी, कातडी कातडीशी, हाड हाडाशी जुळावे अशीच मागणी आहे. हे साम्य दोघांच्या सामायिक पूर्वजांपासून आले, की हाड मोडले म्हणजे कोठल्याही माणसाला असेच सुचते, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. आमचा कल अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे. हाडवैद्याकडे गेलेल्या माणसाला हा वाद कदाचित आमच्यापेक्षा लवकर सुटेल.

आता शेताकडे वळू. हाले विद्यापीठात 1862 साली शेतीचे प्राध्यापक म्हणून यूलिउस क्यून आले. (हे क्यून निराळे आणि अथर्ववेदवाले कून निराळे, आम्ही स्वतः एकदा हा घोळ केलेला आहे.) क्यून हे आधी जमीनदारीवर कारभारी होते, नांगराच्या मागे चाललेला माणूस. त्या काळी युरोपात मोठा वाद पेटला होता. लीबिग या रसायनशास्त्रज्ञांनी 1840 साली मांडले की पीक जमिनीतली खनिज द्रव्ये उचलून नेते; धान्य शहरात विकले की ती द्रव्ये शेतात परत येत नाहीत; म्हणजे शेतकरी आपल्या जमिनीची लूट करीत असतो. दुसरा पक्ष म्हणे, नुसत्या खनिजांनी भागत नाही, नत्र पाहिजे. क्यूननी पुस्तके बाजूला ठेवून जमिनीलाच विचारायचे ठरविले. 1878 सालच्या शरदात त्यांनी एका शेताचे तुकडे पाडून सगळीकडे राय पेरली. राय हे गव्हाच्या नात्यातले धान्य. त्याचा काळसर पाव ही तिकडची भाकरी. एका तुकड्याला काहीच द्यायचे नाही. एकाला शेणखत, हेक्टरी सुमारे 12 टन. एकाला नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही. एकाला नत्र वगळून बाकीची दोन, एकाला नुसते नत्र. आणि दरवर्षी त्याच जागी पुन्हा रायच, फेरपालट नाही.

पहिली पाचदहा वर्षे अशा शेतातून काय कळते? फारसे काही नाही. एक साल ओले, एक कोरडे. पावसाची चढउतारच खताच्या फरकाला गिळून टाकते. पण क्यून 1910 साली वारले तरी पेरणी थांबली नाही. पहिले महायुद्ध झाले, चलन बुडाले, हिटलर आला आणि गेला, रशियन आले, पूर्व जर्मनीचे राज्य 1949 साली झाले आणि 1990 साली मावळले. 1961 साली शेताच्या काही भागात मका आणि बटाटा आणला, पण उरलेल्या भागात रायच राहिली. आज शहर त्या शेताच्या अंगाला येऊन भिडले आहे. तिकडे या प्रयोगाला 'शाश्वत राय' असेच म्हणतात.

या दीर्घ काळात जे दिसले त्यातले थोडे सांगतो. नत्र न दिलेल्या तुकड्याला बाकीची द्रव्ये घालूनही पीक फार वाढले नाही. म्हणजे नत्रवाल्यांच्या म्हणण्यात जोर होता. काहीच न दिलेला तुकडा अगदी ओसाड पडेल असे वाटावे, तर तोही पीक देत राहिला. थोडे, पण देत राहिला. पूर्ण रासायनिक खताच्या आणि शेणखताच्या तुकड्यांचे धान्य जवळपास सारखे उतरले; मात्र सेंद्रिय कर्ब शेणखताच्या मातीत अधिक राहिला. हा कर्ब इतक्या हळू वाढतो आणि इतक्या हळू घटतो की खड्डा खणून दोन वर्षांत त्याचा निकाल लावू म्हणणारा माणूस स्वतःला फसवितो. हवेतला कर्ब जमीन किती धरून ठेवू शकेल, हा प्रश्न आज हवामानाच्या चर्चेत रोज निघतो आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांना अशा जुन्या शेतांकडे धाव घ्यावी लागते. 1878 साली क्यूनच्या मनात हा प्रश्न नव्हता, असायचे कारणही नव्हते.

शेजारच्या बाड लाउखष्टेट येथे 1902 सालापासून असाच आणखी एक प्रयोग चालू आहे. तेथली जमीन गडद काळी. आपल्याकडचा माणूस पाहून म्हणेल, अरे ही तर आपली काळी! पण रंगावर जाऊ नये. त्यांचा काळेपणा कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या विपुलतेचा. आपल्या काळ्या जमिनीत ते द्रव्य थोडे असते, तिचे गुण मुख्यतः तिच्या चिकणमातीचे आहेत. म्हणून तिकडचा निकाल उचलून इकडे लावता येत नाही. पद्धत मात्र आणता येते.

काहीच न दिलेला तुकडा कशावर जगला, याचे उत्तर काही अंशी हवेत आहे. मेर्सेबुर्गला लागूनच लॉयना येथे 1916 साली हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याचा प्रचंड कारखाना बांधायला घेतला आणि 1917 साली तो चालू झाला. युद्धात स्फोटकांसाठी, युद्ध संपल्यावर खतासाठी. 1944 साली त्याच्यावर बाँबफेक झाली. धुराड्यांचा धूर, गोठ्यांची वाफ, दूरवरून आलेली हवा यांतून नत्र पावसाबरोबर खाली पडते. त्या मुलखात ते मोजलेही गेले आहे. तेव्हा 'काही न दिलेला' हा शब्दही जपूनच वापरला पाहिजे. एका बाजूला मंत्रांची पोथी, दुसऱ्या बाजूला रायचे शेत आणि पोथीच्या गावाला लागूनच नत्राचा कारखाना, असा हा टापू आहे.

याच विद्यापीठात त्याच 1878 साली काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. गणिताचे अध्यापक गेओर्ग कांटोर यांनी त्या वर्षी एक लेख प्रसिद्ध करून सिद्ध केले की रेघेवर जितके बिंदू तितकेच चौकोनात. म्हणजे क्यूनच्या शेताच्या बांधावर जितके बिंदू तितकेच सगळ्या शेतात! शेतकऱ्याने हे ऐकले असते तर मोजणीदाराला बोलावले असते.

आणि तेथेच आउगुस्ट फ्रीडरिश पोट हे वृद्ध भाषापंडित शिकवीत होते. त्यांनी 1844 आणि 1845 साली दोन खंडांत युरोपातल्या जिप्सी, म्हणजे रोमा लोकांच्या भाषेचा अभ्यास छापला आणि तिचे नाते आपल्या देशातल्या भाषांशी आहे हे तपशिलाने दाखविले. रोमा माणूस पाण्याला 'पानी' म्हणतो आणि कानाला 'कान'. गावाबाहेर पाल ठोकणाऱ्या या लोकांची बोली विद्यापीठाच्या प्राध्यापकाला अभ्यासाचा विषय वाटली, ही गोष्ट आम्हांला क्यूनच्या शेताइतकीच मोठी वाटते.

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या तुलनेने 'पाद' आणि 'फुओझ' भाऊ ठरले, त्याच तुलनेवर पुढे वंशाच्या गर्वाची इमारत उभारली गेली. मेर्सेबुर्गच्या देवांसारख्या जुन्या देवांची नावे मिरवणुकांच्या कामी आली. 1933 नंतर जर्मन विद्यापीठांतून ज्यू अध्यापक काढले गेले, आणि महायुद्धात रोमा लोक लाखांनी मारले गेले. त्यांची भाषा संस्कृतच्या नात्यातली आहे, हे ग्रंथालयात शंभर वर्षे छापून पडलेले होते; त्याने एकाही मुलाचा जीव वाचला नाही. विद्या विशाल असली म्हणजे माणसे आपोआप विशाल होतात, असे आम्ही येथे सांगायला आलो नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. हालेमध्ये 1885 सालापासून संस्कृत शिकविणारे रिशार्ड पिशेल यांनी प्राकृत भाषांचे मोठे व्याकरण लिहिले. ते 1900 साली निघाले. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती त्याआधीच, 1877 ते 1880 या काळात, हालेमध्ये छापली गेली होती. पिशेलांच्या व्याकरणात मध्यवर्ती स्थान आहे ते महाराष्ट्री प्राकृताला. ज्या गाथासप्तशतीचा आपण अभिमानाने उल्लेख करतो तिची चिकित्सक आवृत्ती आल्ब्रेश्ट वेबर यांनी 1870 आणि 1881 साली जर्मनीतच काढली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. पण मराठीचे प्राचीनत्व ज्या पुराव्यांवर उभे आहे त्यांतला काही, त्या रायच्या शेताच्या गावी, मराठीचा एक शब्द कानी न पडणाऱ्या माणसांनी अक्षरास अक्षर लावून तपासलेला आहे. त्या वेळी तेथल्या एखाद्या करदात्याने उठून विचारले असते की हिंदुस्थानातल्या मेलेल्या बोलीचे आम्हांला काय, तर पिशेलांनाही आमच्यासारखेच घाम पुसत खाली बसावे लागले असते.

आमचे म्हणणे एवढेच की क्यूनना प्राकृत येत नव्हते आणि पिशेलांना शेणखताचे प्रमाण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोघेही आपापल्या अरुंद वाटेने गेले. रुंद होते ते त्यांना सांभाळणारे गाव. आपल्याकडे हल्ली तीन वर्षांचा प्रकल्प, तिसऱ्या वर्षी अहवाल आणि चौथ्या वर्षी कुलूप, अशी रीत पडते आहे. अशा हिशेबाने रायचे शेत 1881 साली मोडले असते, निष्कर्षाच्या रकान्यात 'विशेष काही नाही' असे लिहून. पोथी आणि जमीन यांपैकी एकालाच पैसा द्या म्हटले तर आम्हीही जमिनीला देऊ, हे गेल्या वर्षी सांगायला आम्ही भ्यालो. परंतु जमिनीला दिलेला पैसाही पोथी सांभाळणाऱ्याच्या चिकाटीने खर्च केला नाही तर वाया जातो, हेही तितकेच खरे.

ते गृहस्थ आज पुन्हा आले आहेत. मघाशी आम्ही त्यांना पाहिले, यंदा ते पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी जरूर प्रश्न विचारावेत. त्याआधी आमचाच त्यांना एक प्रश्न आहे. त्यांच्या शेताला कालव्याचे पाणी कोणत्या साली आले, त्याआधी तेथे काय पिकत होते, आणि त्यांच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातच्या पिकापाण्याच्या वह्या घरात कोठे माळ्यावर पडल्या आहेत काय? असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. उद्या सकाळी आम्ही त्या पाहायला येऊ.